आमची वाटचाल : ग्रिल-गेटपासून ग्राइंडर स्टँडपर्यंत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं वर्कशॉप आहे. वडिलांनी भाड्याच्या गाळ्यात सुरुवात केली तेव्हा खिडक्यांची ग्रिलं आणि गेट एवढंच काम होतं. एक वेल्डिंग मशीन, एक व्हाइस (काम आवळून धरायचा शिकंजा) आणि हॅक्सॉ, म्हणजे लोखंड कापायची हातकरवत. शेजारी लेथवाले, शेपरवाले, ऑइल इंजिनांचे सुटे भाग करणारे. आज ग्रिलं आम्ही करतोच, पण आमची ओळख झालीय ती ग्राइंडर स्टँडमुळे. चार इंची चकतीचा, हातात धरायचा अँगल ग्राइंडर त्यावर बसवायचा, स्टँडचा हात खाली दाबायचा आणि पाइप, पट्टी, अँगल (L आकाराचं लोखंड) काटकोनात कापायचा. एवढंच ते यंत्र. ते बनवायची वेळ आमच्यावर का आली, ते मात्र सविस्तर सांगायला हवं.

चार इंची ग्राइंडर आमच्याकडे आला आणि हॅक्सॉ खुंटीला गेला. जिथे मिनिटं लागायची तिथे सेकंदांत पाइप तुटू लागला. वेग आला, पण गुण्या, म्हणजे काटकोन, हरवला. हॅक्सॉने कापणारा माणूस सावकाश कापतो, रेघेवर नजर ठेवतो, कट भरकटला तर वळवून घेतो. ग्राइंडरची चकती मिनिटाला अकरा-बारा हजार फेरे घेते, ती मनगट जसं वळेल तशी जाते. त्यात १ मिमीची पातळ चकती बाजूने जरा दाबली की स्वतः वाकते. कट वरून सरळ दिसतो, खालून तिरका निघतो.

एका कटाचं काही वाटत नाही. पण चौकटीला चार कोपरे, म्हणजे ४५ अंशांचे आठ कट. प्रत्येक कटात अर्धा अंश एकाच बाजूला चुकला तर बेरीज चार अंशांवर जाते. तीन कोपरे नीट जुळतात आणि चौथा ‘आ’ वासून उभा राहतो. मग कारागीर काय करतो? फट रॉडने भरतो, घासतो, वर पुट्टी आणि रंग. फट जितकी मोठी तितका वेल्ड जास्त, वेल्ड जितका जास्त तितकी थंड होताना ओढ जास्त. चौकट पिळते, कर्ण जुळत नाहीत, आणि गवंडी साइटवरून फोन करतो की खिडकी भिंतीत बसत नाही. फॅब्रिकेशनच्या धंद्यातला निम्मा वाद कटात सुरू होतो आणि नाव येतं वेल्डरवर. वेल्डर मंडळी हे वाचतील तर मान डोलवतील.

चौदा इंची कटिंग मशीन आमच्याकडे होतं, अजूनही आहे. जाड अँगल, चॅनल, जड पाइप यांना तेच लागतं. पण ते तिसऱ्या मजल्यावर उचलून न्यायचं म्हणजे दोन माणसं गुंतली. शिवाय त्याची चकती ३ मिमीच्या आसपास जाड. १८ गेजच्या पातळ पाइपाला ती जेवढं कापते त्याहून जास्त तापवते, आणि कडेला एवढी बर (धारदार कंगोरे) सोडते की ती काढण्यातच वेळ जातो. हलक्या कामाला हलकं आणि नेमकं काहीतरी हवं होतं.

बाजारात तयार स्टँड मिळत होते. पत्र्याचा दाबून केलेला बेस, वर एक हात, मागे स्प्रिंग. त्यातला एक आणला. चकतीला बोट लावलं तर ती डावी-उजवीकडे हलायची. ग्राइंडर घट्ट, चकती घट्ट, पण बिजागरीत प्ले, म्हणजे ढिलाई. आमचे मामा आयुष्यभर लेथवर काम केलेले. त्यांनी तो हात हलवून बघितला आणि बेसकडे न बघता बिजागरीच्या पिनकडेच बोट दाखवलं.

हिशोब सोपा आहे. पिनमध्ये ०.१ मिमी ढिलाई आहे, बिजागरीची रुंदी ४० मिमी आहे आणि पिनपासून चकती २५० मिमी लांब आहे. तर चकतीजवळ तीच ढिलाई ०.६ मिमीच्या वर जाते. बिजागरी १२० मिमी रुंद केली तर तेवढ्याच ढिलाईत चकती ०.२ मिमी हलते. म्हणजे पिन महाग करण्याआधी बिजागरी रुंद करायची. आमचा पहिला स्टँड याच एका गोष्टीवर उभा राहिला: रुंद बिजागरी, दोन्ही टोकांना गनमेटलचे (एक प्रकारच्या काशाचे) बुश, म्हणजे पिन ज्यात फिरते त्या नळ्या, एकाच सेटिंगमध्ये रीमर (भोक नेमकं करायचं हत्यार) मारलेले, आत घासून बसवलेली पिन. बेस जाड प्लेटचा. दिसायला ओबडधोबड, पण चकती हलेना.

शेजारचा ग्रिलवाला एक दिवसासाठी म्हणून घेऊन गेला आणि परत द्यायला टाळाटाळ करू लागला, तेव्हा वडील म्हणाले, “त्याला एक करून दे, पैसे घे.” धंदा तिथून सुरू झाला. पुढे प्लेटचा बेस सोडून बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा केला. शिरोलीच्या फौंड्र्या (ओतकामाचे कारखाने) हाकेच्या अंतरावर, पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचे नमुने करणारेही इथलेच. बीड थरथर जिरवतं, आणि वरचा तळ एकदा मशीन केला की पत्र्यासारखा वाकत नाही. वजन वाढलं, पण एक माणूस एका हातात घेऊन जिना चढू शकतो.

खरी डोकेदुखी पुढे होती, ग्राइंडर स्टँडला बांधायचा कसा? बहुतेक चार इंची मशीनला बाजूच्या दांडीसाठी गिअरहेडवर (चकतीजवळच्या धातूच्या डोक्यावर) दोन्हीकडे आट्यांची भोकं असतात, तिथेच बोल्ट लागतात. पण गिअरहेडचा आकार प्रत्येक कंपनीचा वेगळा. ‘सगळ्यांना चालेल’ अशी लांब खाचांची पट्टी दिली की दोन बोल्टांवर मशीन कापताना हळूच फिरतं आणि चकती कलते. आम्ही ते सर्वांना चालणारं सोडून दिलं. गिऱ्हाईक मशीनचं मॉडेल सांगतो, आम्ही त्याचा ब्रॅकेट देतो, बोल्टांशिवाय गिअरहेडला तिसरा टेकू देऊन. त्यामुळे साठा जास्त ठेवावा लागतो. दुकानदार कुरकुरतात. कुरकुरू देत.

स्टँड बॉक्समधून काढून थेट कापायला घेऊ नका, हे आम्ही प्रत्येकाला सांगतो. आधी मशीनचा प्लग काढून गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावा, तळाशी चकती काटकोनात आहे का आणि पाइप ज्याला टेकतो त्या मागच्या पट्टीशी आहे का, दोन्ही बघा. मग ४० मिमीच्या स्क्वेअर पाइपाचा तुकडा कापा. एक भाग स्वतःभोवती अर्धा फेरा फिरवा, दोन्ही कापलेली तोंडं सपाट पृष्ठभागावर एकमेकांना भिडवा. चूक दुप्पट होऊन समोर येते. कटात अर्धा अंश फरक असेल तर टोकाला ०.७ मिमी फट दिसेल, ती उघड्या डोळ्यांना कळते. वरून बघताना फट असेल तर मागची पट्टी हलवा, बाजूने असेल तर चकती कललेली आहे. याला डायल लागत नाही, लेझर तर नाहीच. लेझर लावलेले स्टँड आम्हालाही करता येतील, पण ढिल्या बिजागरीवर लेझर म्हणजे नुसती लाल रेघ.

चार इंची चकतीची खोली मर्यादित असते. फ्लँज (चकती आवळून धरणारी वाटी) आणि गिअरहेड जागा खातात, साधारण २५ मिमी एका दमात कापलं जातं, चकती झिजली की त्याहून कमी. ४० चा पाइप उलटून दोनदा कापावा लागतो. दोन्ही कट एका रेषेत येण्यासाठी शेवटी एक स्टॉपर लावा आणि पाइप त्याला भिडवूनच फिरवा. अँगल आडवा ठेवू नका, कोपरा वर करून उलटा ठेवा, दोन्ही पाय सारखे कापले जातात. आणि दाबू नका. मोटरचा आवाज खाली बसला की समजायचं, हात जड झाला.

सुरक्षेबाबत आम्ही थोडे कटकटे आहोत. पाइप चकतीच्या एकाच बाजूला घट्ट धरायचा, पडणारा तुकडा मोकळा. दोन्ही बाजू आवळल्या की कट मिटतो, चकती अडकते आणि फुटते. गार्ड काढून मोठी चकती लावणाऱ्याला आम्ही ब्रॅकेट विकत नाही. लाकूड कापायचं दातेरी पातं लावायचं असेल त्यालाही नाही. चकतीच्या मधल्या पत्र्याच्या कड्यावर मुदत छापलेली असते, ती बघा. ओलाव्यात पडून राहिलेली चकती फुकट मिळाली तरी नको. भारनियमनाच्या दिवसांत आमच्याकडे एक सवय लागली. ग्राइंडरचा सरकता स्विच चालू अवस्थेत अडकतो, वीज गेली की माणूस चहाला जातो, आणि वीज आली की मशीन रिकाम्या बाकावर फिरू लागतं. म्हणून आम्ही स्टँडसोबत पुश बटणाचा स्टार्टर घ्यायला सांगतो. वीज गेली की तो सुटतो, पुन्हा दाबल्याशिवाय लागत नाही.

२०१९ च्या महापुरानंतर शिरोळ तालुक्यातून लोखंडी चौकटींची कामं एकदम वाढली. लाकडी दारं फुगून गेली होती. तिकडच्या लहान फॅब्रिकेटरनी, ज्यांच्याकडे जागा नव्हती आणि चौदा इंची मशीनला पैसे नव्हते, त्यांनी स्टँड नेले. आमची विक्री खऱ्या अर्थाने तेव्हा वाढली. जाहिरात काही केली नव्हती.

एसएसचं (स्टेनलेस स्टीलचं) रेलिंग करणारे हल्ली जास्त येतात. त्यांना आम्ही चकत्या वेगळ्या ठेवायला सांगतो. लोखंड कापलेली चकती एसएसला लावली की लोखंडाचे कण त्यात रुततात आणि दोन पावसाळ्यांत रेलिंगवर गंजाचे ठिपके उठतात. जे गिऱ्हाईक दिवसभर जाड अँगल कापतं त्याला मात्र आम्ही स्टँड न घेता चौदा इंची घ्या असंच म्हणतो. पाच इंची ग्राइंडरचा स्टँड करा, अशी मागणी आहे. त्याचा पॅटर्न तयार झालाय, पण त्या वजनाला बिजागरी आणखी रुंद हवी असं मामांचं म्हणणं आहे, आणि पिनच्या बाबतीत आमच्याकडे शेवटचा शब्द त्यांचाच असतो.