काळ्या कोटिंगखाली काय निघालं: गाडीच्या खालच्या बाजूचा गंज काढतानाचा माझा अनुभव

जुनी गाडी घेताना आपण इंजिन ऐकतो, टायर बघतो, रंगावरून हात फिरवतो. खाली वाकून बघणारा विरळा. आणि वाकलाच, तर काळंभोर, रबरासारखं जाड कोटिंग दिसलं की खूश होऊन उठतो. माझ्या गाडीखाली असंच कोटिंग होतं आणि विकणाऱ्याने ते मुद्दाम दाखवलंही होतं. पुढे सायलेन्सरचं काम निघालं म्हणून गाडी लिफ्टवर चढली. मेकॅनिकने स्क्रूड्रायव्हरची मूठ खालून सहज आपटत नेली. टणटणीत आवाज येत होता, तो मागच्या चाकाच्या पुढे एकदम बद्द झाला. त्याने स्क्रूड्रायव्हरचं टोक कडेला घालून ओढलं, तर तळहाताएवढा पापुद्रा सुटून हातात आला. आतला पत्रा नारिंगी होता, आणि मुख्य म्हणजे ओला होता. गाडी कित्येक दिवस पाण्यातून गेलेली नसताना!

त्या ओलाव्यातच सगळं आलं. गंजाला लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एवढंच लागतं. मीठ मिळालं तर वेग वाढतो, कारण खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं आणि गंज ही मुळात विद्युत-रासायनिक क्रिया आहे. शिवाय मीठ हवेतली ओल ओढून घेतं. साधं मीठ साधारण 75 टक्के आर्द्रतेला स्वतःच पाझरायला लागतं. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात ते कॅल्शियम क्लोराइड आणि मॅग्नेशियम क्लोराइड तर त्याच्या निम्म्याहून कमी आर्द्रतेलाही. समुद्रकाठी किंवा बर्फाच्या प्रदेशात गाड्या खालून लवकर सडतात त्या यामुळे. कडक कोटिंगला खडा लागून बारीक चीर पडते, त्या चिरेतून पाणी आत शिरतं, पण बाहेर पडायला वाट नसते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो, त्यामुळे तो कोटिंग उचलत पुढे सरकतो. ओल धरलेल्या भिंतीला नवा रंग दिला की वरून काही दिवस छान दिसतं, तसं हे.

मेकॅनिकचा सल्ला होता, “सुटलेलं काढतो आणि वरून परत मारून देतो, कळणार पण नाही.” कळणार नाही हीच तर अडचण होती. वेल्डिंग तेवढं त्याच्याकडून करून घ्यायचं आणि बाकीचं घरी स्वतः करायचं असं ठरवलं.

घरी करणाऱ्याने एक गोष्ट पक्की धरावी: गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली शिरायचं नाही. सपाट, कडक जमीन, उचललेल्या प्रत्येक बाजूला जॅक स्टँड, जमिनीवर असलेल्या चाकांना अडसर, आणि खाली जाण्याआधी गाडी हाताने हलवून बघायची. डोळ्यांना चारी बाजूंनी बंद गॉगल हवा. वर बघत ग्राइंडर चालवताना गंजाचा कण डोळ्यात जातोच, तो साध्या चष्म्याच्या कडेनेही जातो.

सगळ्यात कंटाळवाणं काम म्हणजे जुनं कोटिंग काढणं. हीट गनने मऊ करून पत्रीने, म्हणजे खरवडायच्या पात्याने, खरवडलं की ते लांब पट्ट्यांनी निघतं. पेट्रोलची टाकी आणि तिच्या पाइपांजवळ मात्र हीट गन अजिबात नाही, तिथे नुसती पत्री आणि धीर. सगळंच काढायचं नाही हेही हळूहळू लक्षात आलं. कारखान्यात शिवणींवर, म्हणजे पत्र्यांच्या जोडांवर, लावलेलं पीव्हीसी सीलर जिथे घट्ट धरून होतं, तिथे पत्री घसरत होती. ते तसंच ठेवलं. पत्री विनासायास आत गेली की समजायचं, खाली पोकळ आहे.

मग धुलाई. गाडीखालच्या पोकळ पेट्यांना, म्हणजे चासीच्या लांब पट्ट्या आणि दाराखालचे आडवे भाग यांना, पाणी निघून जावं म्हणून खाली भोकं ठेवलेली असतात. माझ्या गाडीची बरीचशी भोकं त्या काळ्या कोटिंगनेच बुजली होती. कोटिंग मारणाऱ्याने नोजल सरसकट फिरवलं असणार. तारेने एक भोक उघडलं, तर आधी काही नाही, मग काळपट चिखलाची जाड धार, मग स्वच्छ पाणी. ही पेटी बाहेरून ठणठणीत दिसत होती. आतमध्ये ओला चिखल किती काळ बसला होता कोण जाणे. माझ्या मते, दुसरं काहीही करणं जमत नसेल तरी ही भोकं मोकळी करणं आणि आतून पाणी सोडून माती काढणं एवढं तरी प्रत्येकाने करावं. त्याला तार आणि नळी सोडून काही लागत नाही.

धुतल्यावर वाळवणं. उघडा पत्रा पटकन वाळतो, पण दोन पत्रे एकावर एक ठेवून ठिपक्यांनी वेल्ड केलेल्या फटीतलं पाणी हटत नाही. पेट्यांमध्ये ब्लोअर लावून ठेवला, रात्रभर पंखा चालू ठेवला. घाई करणाऱ्यांचं काम इथेच बिघडतं, कारण बाहेरून हात लावला तर सगळं कोरडंच वाटतं.

गंज सगळीकडे सारखा नव्हता. कुठे नुसता वरवरचा, कुठे खवले सुटलेले, कुठे पत्रा खाल्लेला. खवले छोट्या हातोडीने ठोकून पाडले. पुढचं काम ग्राइंडरवर वायरचा कप लावून करतात, पण त्यात एक गोम आहे. वायर ब्रश गंजाला चकाकी आणतो. पत्रा चमकायला लागतो, आपल्याला वाटतं झालं, पण टॉर्च तिरपी धरून बघितलं की खड्ड्यांच्या तळाशी काळे ठिपके तसेच असतात. तिथे खरखरीत डिस्क फिरवावी लागते. डिस्क जिथे पोचत नाही, फक्त अशा खाचाखोचांत रस्ट कन्व्हर्टर लावला. त्यातलं टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्ल गंजाचं काळ्या, स्थिर थरात रूपांतर करतं, मात्र ते वरच्या पातळ थरापुरतंच. सुटे खवले असतील तर त्यांच्यावर कन्व्हर्टर लावणं म्हणजे खवलेच रंगवणं. आणि वर इपॉक्सी (पत्र्याला घट्ट धरणारा रंग) द्यायचा असेल तर कन्व्हर्टर चालतो की नाही, हे डब्यासोबतच्या माहितीपत्रकात आधी वाचावं. काही इपॉक्सींना खाली आम्लाचा अंश राहिलेला अजिबात खपत नाही.

बद्द आवाज आला होता त्या जागी स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. तिथे वेल्डिंगशिवाय गत्यंतर नव्हतं. मिस्त्रीला एकच अट घातली: सडलेला पत्रा चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा, वरून ठिगळ मारायचं नाही. ठिगळ मारलं की दोन पत्र्यांमध्ये नवी फट तयार होते आणि गंजाला फट फार आवडते. त्याने बॅटरीच्या तारा काढल्या, आतला गालिचा मागे सारला, पत्रा कापून बरोबर मापाचा तुकडा बसवला. वेल्डिंगच्या उष्णतेने पत्र्याच्या आतल्या बाजूचं जस्त आणि रंगही जळतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. बाहेरून कितीही झाकलं तरी ती जागा आतून उघडी राहते आणि वेल्ड आतून सडत जातो. त्याचा बंदोबस्त शेवटी मेणाने केला.

प्रायमर दोन डब्यांचा इपॉक्सी घेतला. उन्हात इपॉक्सी पांढरट पडतो, पण गाडीखाली ऊन येतच नाही, त्यामुळे इथे तो उत्तम. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान 3 अंश सेल्सिअसने जास्त असावं असा रंगकामातला नियम आहे, नाहीतर डोळ्यांना न दिसणारी ओल खाली अडकते. म्हणून सकाळी लवकर काम काढलं नाही. स्प्रे करण्याआधी सगळ्या कडा, बोल्टची डोकी आणि वेल्ड ब्रशने एकेकदा रंगवले. ओला रंग धारेवरून मागे ओढला जातो आणि नेमकी कडच पातळ राहते, म्हणून हा जादा हात. गाडीखाली गंजाची सुरुवात बहुतेक कडेपासूनच झालेली दिसते. प्रायमर वाळल्यावर शिवणींत सीलर भरलं, आणि खडे लागतात त्या भागांवर, म्हणजे चाकांच्या कमानीत आणि दाराखाली, खडेरोधक कोटिंग दिलं. बाकी कुठेच नाही.

त्याआधी झाकाझाक करायची होती. ब्रेकच्या डिस्क, कॅलिपर आणि ड्रम, सायलेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, फिरणारे शाफ्ट, रबरी बूट आणि बुश, सगळ्यांना पिशव्या आणि टेप. ब्रेकवर तेलकट काही उडालं तर काय होईल ते सांगायला नको. सायलेन्सरवर उडालं तर धूर आणि जळका वास. पेट्रोलियमच्या तेलाने नैसर्गिक रबर फुगतं, म्हणून बुशांवर कसलंच कोटिंग नको.

या सगळ्या उद्योगात मला सर्वांत मोलाचं वाटलेलं काम बाहेरून दिसतही नाही: पोकळ पेट्यांत मेण भरणं. लांब लवचिक नळी, तिच्या टोकाला चारी दिशांना फवारणारं नोजल. नळी पार टोकापर्यंत घालायची, ट्रिगर दाबायचा आणि सावकाश मागे ओढायची. हे मेण पातळ असताना फटीत शिरतं, मग द्रावक उडून जातं आणि मऊ थर उरतो. पोचलं की नाही याची खूण सोपी आहे: खालच्या भोकांतून तपकिरी थेंब पडायला लागतात. खात्रीसाठी मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा आत घालून बघितला. वेल्डच्या मागे एक कोपरा कोरडाच होता, तिथे पुन्हा नळी घातली. पडणारे थेंब आटोपल्यावर सगळी भोकं तारेने परत मोकळी केली.

चासीच्या बाहेरच्या बाजूला लॅनोलिनचा, म्हणजे मेंढीच्या लोकरीतल्या मेणाचा, हात दिला. दिसायला गलिच्छ. धूळ चिकटते, हात लागला की चिकट होतो, आणि काही दिवस गाडीखाली मेंढ्या बांधल्यासारखा वास येतो. पण ते कडक होत नाही, खडा लागला तर चीर पडत नाही, आणि मुख्य म्हणजे त्याच्याखाली काही लपत नाही. बोटाने पुसलं की पत्रा समोर. काळं चकचकीत कोटिंग गाडी विकायला बरं. गाडी ठेवायची असेल तर मी हा बुळबुळीत प्रकारच घेईन, दरवर्षी पुन्हा लावावा लागला तरी.

मधल्या काळात एकाने बॅटरीला जोडायची छोटी इलेक्ट्रॉनिक डबी सुचवली, म्हणे गंज लागतच नाही. जहाजांना आणि जमिनीतल्या पाइपलाइनला विजेने गंजापासून वाचवतात हे खरं. पण तिथे सगळीकडे सलग खारं पाणी किंवा ओली माती असते, त्यातून विजेचं वर्तुळ पुरं होतं. गाडीभोवती हवा असते. नको म्हणून सांगितलं.

ओला मोसम संपल्यावर गाडी परत स्टँडवर घेतली. इपॉक्सी जसाच्या तसा होता. पेट्यांतलं मेण कॅमेऱ्यात ओलसर चमकताना दिसलं. चाकांच्या मागे, जिथे पाण्याचा मारा थेट बसतो, तिथलं लॅनोलिन मात्र बरंचसं धुऊन गेलं होतं. तेवढ्याच भागावर पुन्हा हात मारला. शॉक ॲब्झॉर्बरचे बोल्ट सहज पान्याने सुटले, हा अनपेक्षित फायदा. डाव्या बाजूच्या मागच्या शिवणीतून मात्र तपकिरी ओघळ उतरला आहे, म्हणजे तिथे सीलरखाली पाणी आहे. हवा कोरडी झाली की ती शिवण पुरती उघडून घासायची आहे; तोवर वर काहीही लावलेलं नाही.