गंज पेठेतील बालहत्या प्रतिबंधक गृह

पुण्याची गंज पेठ आता कागदोपत्री महात्मा फुले पेठ झाली आहे, तरी मी रिक्षावाल्याला जुनेच नाव सांगितले. फुले वाडा बैठा, कौलारू आणि अगदी साधा आहे. आत तुळशीवृंदावनाच्या रूपातील समाधी आणि आवारात विहीर. येणारे बहुतेक जण मुलींच्या शाळेची आठवण काढतात. मी आलो होतो तो जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली काढलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहासाठी.

विहिरीच्या काठाशी उभे राहिल्यावर काशीबाई आठवली. ती विहीर ही नव्हे. जोतीरावांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकाला असलेल्या या तरुण ब्राह्मण विधवेला शेजारच्या एका शास्त्र्यापासून दिवस गेले, गर्भ पाडण्याची औषधे लागू पडली नाहीत, आणि अब्रूच्या धास्तीने तिने जन्मलेल्या मुलाचा गळा चिरून त्याला घरामागच्या विहिरीत टाकले. तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्या शास्त्र्याला शिक्षा झाल्याचे कोठे वाचनात येत नाही. खटल्यानंतर लगेच जोतीरावांनी आपल्या आवारात हे गृह उघडले आणि विधवांनी येथे गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, असे जाहीर केले.

या गृहाची कहाणी आपल्याकडे सहसा यशोगाथेच्या थाटात सांगितली जाते, पण जोतीरावांनी स्वतः तसे केलेले नाही. समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांविषयीच्या टिपणांवर ४ डिसेंबर १८८४ रोजी लिहिलेल्या अभिप्रायात ते सरळ आकडे देतात: ३५ विधवा येथे बाळंत झाल्या, त्यांची ५ मुले जगली, ३० दगावली, आणि याचे कारण म्हणजे गरोदरपण लपवण्यासाठी आयांनी आधीच घेतलेली विषारी औषधे. मला हा हिशेब कोणत्याही गौरवग्रंथापेक्षा मोलाचा वाटतो, कारण दार उघडे असूनही बायका तेथवर किती उशिरा पोहोचत, हे त्यातून कळते.

पुढे येथेच आलेल्या दुसऱ्या एका काशीबाईचा (नामसाम्यामुळे दोघींची नेहमी गल्लत होते) मुलगा यशवंत फुले दांपत्याने दत्तक घेतला. तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये त्याच्या दवाखान्यात रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या.

वाड्यातून निघताना पुढचा मुक्काम पंढरपूर ठरवला. यात्रेच्या निमित्ताने तेथे येऊन बाळंत होणाऱ्या विधवांसाठी लालशंकर उमियाशंकर या न्यायाधीशांच्या पुढाकाराने १८७५ साली असेच गृह निघाले, आणि ते पुढे प्रार्थना समाजाने चालवले.