तुम्ही विचारलंत म्हणून: शेअर स्प्लिट झाला, मग आपल्याला काय मिळालं?

कुठल्याही बँकेने स्प्लिट, म्हणजे एका शेअरचे तुकडे करून अनेक शेअर, जाहीर केला की मला फोन यायला लागतात. मी सीए नाही हो, घरातल्यांचे जुने कागदी शेअर डीमॅट, म्हणजे कागदाऐवजी कॉम्प्युटरवरच्या खात्यात, करून देता देता थोडंफार कळायला लागलं एवढंच. प्रश्न मात्र ठरलेला असतो, "शेअर पाचपट झाले म्हणजे पैसेही पाचपट ना?" नाही. पाचशेची नोट मोडून शंभराच्या पाच घेतल्या तर खिसा जाड वाटतो, बाकी काही नाही.

पण एवढ्यावर फोन ठेवला तर अर्धंच सांगितल्यासारखं होतं, कारण वीस-तीस वर्षं शेअर धरून बसलेल्या माणसाला स्प्लिटचा फायदा नसला तरी त्रास होऊ शकतो आणि तो मी आमच्या आत्याच्या बाबतीत बघितलाय.

आत्याकडे सांगली बँकेचे 370 शेअर होते. सांगली बँक म्हणजे 1916 ची, गावातल्या माणसांनी गावातल्या माणसांसाठी चालवलेली, शेअर बाजारात लिस्टसुद्धा नव्हती, त्यामुळे भाव वगैरे कोणी बघायचंच नाही, शेअर घेतला की तो कपाटात. 2007 ला ती आयसीआयसीआयमध्ये विलीन झाली आणि सांगलीच्या 925 शेअरमागे आयसीआयसीआयचे 100 मिळाले. आत्याचे झाले 40. मग 2014 च्या डिसेंबरात स्प्लिट, दहाच्या दर्शनी, म्हणजे कागदावर छापलेल्या, किमतीचा शेअर दोनचा झाला, म्हणजे 40 चे 200. 2017 ला दहाला एक बोनस, म्हणजे दहा शेअरमागे एक फुकट, झाले 220. आणि आत्याला यातलं काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं! 2010 लाच ती वाडा सोडून पुण्याला मुलाकडे आली, पत्ता बदलायचा राहिला, चूक सगळी आमचीच. एके दिवशी तिने साडीच्या पिशवीतून 40 शेअरचं सर्टिफिकेट काढलं आणि म्हणाली, "बघ रे, एवढेसेच आहेत, कशाला धावपळ करतोस."

आता गंमत बघा. त्या कागदावर दर्शनी किंमत दहा रुपये छापलेली, आणि तेव्हा स्प्लिटनंतर जुना कागद रद्द व्हायचा, त्याच्या बदल्यात नवा निघायचा आणि रजिस्टरमधल्या पत्त्यावर जायचा. डीमॅटवाल्यांना काही करावं लागत नाही, सकाळी उठून बघितलं तर आकडा बदललेला असतो. कागदवाल्यांचं मात्र पोस्टमनवर असायचं. त्यातच सलग सात वर्षं डिव्हिडंड, म्हणजे नफ्यातला वाटा, घेतला नाही की शेअरच सरकारच्या आयईपीएफ खात्यात, म्हणजे कोणी न मागितलेले शेअर-पैसे ठेवायच्या निधीत, जातात, आत्याचे तसेच गेले. परत मिळतात, फॉर्म आयईपीएफ-5 भरून, पण सर्टिफिकेटवर नाव एक, आधारवर दुसरं, सही तिसरीच, सगळं जुळवेपर्यंत आमच्या दोन दिवाळ्या गेल्या. 2025 मध्ये शेअर तेराशेच्या वर गेला होता, म्हणजे 220 चे पावणेतीन लाखांच्या वर. आणि म्हणे एवढेसेच!

डिव्हिडंडचा घोळ वेगळाच. 2014 ला शेअरमागे 23 रुपये होता आणि स्प्लिटनंतर 2015 ला 5, तेव्हा एका काकांनी मला फोनवर अक्षरशः झापलं, बँक बुडतेय आणि तू सांगत नाहीस म्हणून. हाच हिशोब आत्याच्या आकड्यांवर करून बघा, 40 गुणिले 23 म्हणजे 920, 200 गुणिले 5 म्हणजे 1000. उलट ऐंशी रुपये वाढलेत, काका! खरी घसरण त्यानंतर झाली, बुडीत कर्जं वाढली आणि 2019 ला शेअरमागे एक रुपया आला, बोनसचे धरूनसुद्धा 220 रुपये. 2025 ला 11 आला तेव्हा 2420. यात स्प्लिटचा काय संबंध? बँकेने कर्जं कोणाला दिली आणि ती वसूल झाली का, एवढाच संबंध.

शेजारच्या साताऱ्याचं बघा ना. युनायटेड वेस्टर्न बँक, 1936 ची, तीही अशीच घरातली वाटणारी. 2006 ला तिच्यावर मोरेटोरियम, म्हणजे पैसे काढण्यावर बंधन, आलं, मग आयडीबीआयने घेतली आणि शेअरहोल्डरना शेअरमागे 28 रुपये रोख मिळाले, विषय संपला. त्यांच्या नशिबी पुढचे स्प्लिट नाहीत, बोनस नाहीत. हातात रोकड आली की ती खर्च होते, हे काय सांगायला हवं.

टॅक्सचंही विचारतात, थोडक्यात सांगतो. स्प्लिट झाला की तुमची मूळ खरेदी किंमत वाढलेल्या शेअरवर वाटली जाते, तारीख जुनीच राहते. बोनसची खरेदी किंमत शून्य आणि तारीख मिळाल्या दिवसाची. पण 31 जानेवारी 2018 पर्यंत हातात असलेल्या लिस्टेड शेअरना त्या दिवसाचा भाव खरेदी किंमत म्हणून धरता येतो, त्यामुळे आत्यासारख्यांना आजोबांच्या काळातली पावती शोधत बसायला नको. विकायच्या आधी सीएला दाखवा मात्र.

आणि हो, "आमच्या सहकारी बँकेचा शेअर कधी स्प्लिट होणार?" असंही कोणीतरी विचारतंच. तो बाजारात विकला जात नाही, परत केला की दर्शनी किमतीलाच परत होतो, दहाचा शेअर वीस वर्षांनीही दहाच. तिथे डिव्हिडंड घ्यायचा आणि मत द्यायचं, शेअर कितीही असोत, मत एकच.

आत्याचे 220 आता डीमॅटमध्ये आहेत, डिव्हिडंड थेट खात्यात येतो. 2025 ला मेसेज आला तेव्हा मला विचारते, "तेव्हा म्हणे तेवीस देत होते, आता अकराच का रे?"