हिवाळ्यात सूर्य लांब जातो का?
आज संध्याकाळी मुलीने विचारले, "बाबा, हिवाळ्यात सूर्य लांब जातो का?" लहानपणी माझीही तीच समजूत होती. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे उत्तर गोलार्धात ऐन थंडी असताना. तेव्हा हे अंतर सुमारे १४.७ कोटी किलोमीटर असते आणि जुलैच्या सुरुवातीला ते १५.२ कोटींपर्यंत वाढते.

मग आम्ही खोलीत अंधार करून कोऱ्या कागदावर टॉर्चचा झोत टाकला. टॉर्च सरळ धरल्यावर लहानसा, लख्ख गोल उमटला आणि ती तिरकी करताच तोच प्रकाश लांबट, फिकट होऊन पसरला. मुलीने दोन्ही आकार पेन्सिलीने गिरवले आणि स्वतःच म्हणाली, "उजेड तेवढाच आहे, पण जास्त जागेत वाटला गेला." मला मनापासून आनंद झाला, कारण ऋतूंचे मर्म नेमके हेच आहे.

पृथ्वीचा अक्ष सुमारे २३.५ अंशांनी कललेला असून त्याची दिशा वर्षभर जवळजवळ तीच राहते. त्यामुळे जो गोलार्ध सूर्यापासून पलीकडे कललेला असतो, तिथे किरण तिरके पडतात, शिवाय दिवसही लहान होतो. त्याच वेळी दुसऱ्या गोलार्धात उन्हाळा असतो, हे ऐकून ती पुन्हा टॉर्च घेऊन बसली आहे.