लख्ख

दिवाळीआधीचा रविवार. माळ्यावरून समई, घागर, आजीची पितळी परात खाली काढली आणि चिंचेचा कोळ, मीठ घेऊन बसले. फोनवर आई म्हणाली, "नुसती चकचकीत नको हं, लख्ख घास."

"फरक काय गं?"

"चकचकीत तर तुझी फरशीपण असते."

पटलं. चकचकीत म्हणजे वरवरचं, फडकं मारलं की झालं. लख्ख व्हायला खालचं काळं जावं लागतं. चिंचेतलं टार्टारिक आम्ल धातूवरचा काळा थर विरघळवतं हे शाळेत शिकले होते, पण मनगट आपलंच दुखतं.

घासता घासता शब्द आठवत गेले. तुकतुकी आंब्याच्या कोवळ्या पानाला, नाहीतर तेल लावून न्हाऊ घातलेल्या बाळाला. झळाळी सोन्याला. तीही हल्ली पेपरवाले भाव चढला की देतात; सोनं बिचारं तिजोरीत अंधारात असतं! उजेडाला खरं तर आवाज नसतो, तरी आपल्याकडे तो लखलखतो, झगमगतो, लुकलुकतो. त्यात अदलाबदल चालत नाही. काजवा झगमगला असं कुणी म्हणणार नाही, आणि मांडव लुकलुकला तर वरपक्ष रुसेल. समई यांतलं काहीच करत नाही. ती तेवते.

परातीला आतून कल्हई होती, आता ठिकठिकाणी उडालीय. अशा भांड्यात आंबट काही ठेवलं की कळकतं. लहानपणी कल्हईवाला गल्लीच्या तोंडाशी भट्टी मांडायचा. भात्याने निखारे फुलायचे, तापलेल्या भांड्यात नवसागराची पूड पडली की पांढरा धूर उठायचा. मग कथलाचा तुकडा टेकवायचा. कथील २३२ अंशांनाच वितळतं, त्यामुळे टेकवल्या टेकवल्या पाणी. कापसाचा बोळा गरकन फिरला की काळपट पातेलं आतून चांदीचं. मग पाण्यात बुडवलं की चर्र! त्या चमकेला मला अजून शब्द सापडलेला नाही. पण आठवतं मात्र लख्ख.

दोन तासांनी समईचा फोटो आईला पाठवला. लगेच उत्तर आलं, "छान. बुडाच्या खाचेत काळं राहिलंय. जुना टूथब्रश घे."