फायटर माशाचे पाणी

पुण्यातल्या आमच्या घरी पहिला फायटर मासा चार वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आला. गडद निळा रंग, मागे झालरीसारखी लांब शेपूट आणि समोर बोट धरले की कल्ले फुगवून अंगावर येण्याचा त्याचा आवेश पाहून माझी नऊ वर्षांची लेक दुकानातून हलेचना. दुकानदाराने पेलाभर पाण्यासह तो प्लास्टिकच्या डबीत घालून दिला आणि सांगितले, "ताई, याला मशीन-बिशीन काही लागत नाही, बरणीतही मजेत राहतो." आम्ही विश्वास ठेवला. दीड लिटरची काचेची बरणी, तळाशी रंगीत खडे आणि दर तीन दिवसांनी नळाचे ताजे पाणी, एवढीच आमची व्यवस्था होती. महिनाभरात त्याच्या परांच्या कडा काळपट होऊन झिजू लागल्या, मार्गशीर्षातल्या थंडीत तो तळाशी पडून राहू लागला आणि एका सकाळी मेलेला आढळला. "आई, आपलं काय चुकलं?" या लेकीच्या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. ते शोधण्यात पुढचे दोन महिने गेले आणि त्या काळात मी दुसरा मासा आणला नाही.

बरणीचा गैरसमज ज्या गोष्टीतून निघाला, ती गोष्ट मात्र खरी आहे. हा मासा मूळचा थायलंडमधला, तिथल्या भातखाचरांतला, पाणथळ जागांतला आणि संथ ओढ्यांतला. थाई भाषेतील त्याच्या नावाचा अर्थ 'चावणारा मासा' असा होतो आणि 2019 साली थायलंड सरकारने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. खाचरातल्या कोमट, साचलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून या माशाच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर घड्याघड्यांचे एक खास श्वसनेंद्रिय असते; पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घ्यायचा आणि तिच्यातला प्राणवायू तिथून थेट रक्तात घ्यायचा, अशी ही योजना आहे. त्यामुळे इतर मासे गुदमरतील अशा डबीतही तो तग धरतो. परंतु खाचर उथळ असले तरी लांबरुंद असते, त्यात शेवाळ, रोपांचे बुंधे आणि किडे असतात आणि माशाची घाण त्या विस्तारात विरून जाते. बरणीत ती त्याच्याच अंगाभोवती साठते. हवेचा श्वास त्याला प्राणवायूच्या कमतरतेपासून वाचवतो, अमोनियापासून वाचवत नाही.

आमचा मासा या अमोनियाने गेला, असे मी आता खात्रीने म्हणू शकते. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून, तसेच उरलेल्या खाद्याच्या कुजण्यातून अमोनिया सतत पाण्यात उतरतो आणि तो कल्ले व त्वचा भाजून काढतो. जुन्या, स्थिरावलेल्या टाकीत त्याचा बंदोबस्त जिवाणू करतात: एका गटातील जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या गटातील नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच असते, कारण त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते. नायट्रेट त्या मानाने सौम्य असते; त्याचा काही भाग वनस्पती शोषून घेतात आणि उरलेला भाग पाणी बदलताना निघून जातो. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, वाळूच्या कणांवर आणि पानांवर वस्ती करतात आणि ती वस्ती पुरेशी वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही दर तीन दिवसांनी बरणी घासूनपुसून स्वच्छ करत होतो, म्हणजे दर तीन दिवसांनी ती वस्ती मोडत होतो; शिवाय क्लोरीन असलेल्या थंड पाण्यात माशाला अचानक सोडत होतो. आमच्या दृष्टीने ती स्वच्छता होती आणि त्याच्यासाठी दर तीन दिवसांनी येणारे संकट होते.

म्हणून दुसऱ्या वेळी आधी पाणी तयार केले. 40 सेंटीमीटर लांब आणि 25 सेंटीमीटर रुंद व उंच अशी काचेची टाकी घेतली. तीत वाळू धरून साधारण 20 लिटर पाणी राहते. भरलेली टाकी तीस किलोंच्या आसपास जाते, त्यामुळे ती डळमळत्या टेबलावर ठेवू नये आणि थेट ऊन येणाऱ्या खिडकीतही ठेवू नये. मासा आणण्याआधी पाच आठवडे फिल्टर चालू ठेवून मी रोज चिमूटभर खाद्य टाकत होते, जेणेकरून ते कुजून जिवाणूंना अमोनिया मिळावा. तपासणी संचातील थेंबांनी पाणी तपासल्यावर आधी अमोनिया चढला, मग नायट्राइट चढले आणि शेवटी दोन्ही शून्यावर आले. त्यानंतरच, पाणी थोडे बदलून, मासा आणला. एखाद्या परिचिताच्या निरोगी, जुन्या टाकीतील फिल्टरचा स्पंज आपल्या टाकीत पिळायला मिळाला, तर हा काळ बराच कमी होतो.

फिल्टर हवेच्या पंपावर चालणारा स्पंजाचा घ्यावा. जोरदार प्रवाहात लांब परांच्या माशाची दमछाक होते आणि तो कोपऱ्यात अंग चोरून बसतो. स्पंज नळाखाली धुऊ नये. टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीतच तो हलकेच पिळावा. दर रविवारी मी चौथा हिस्सा पाणी बदलते. नवे पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून ठेवले की क्लोरीन बरेचसे उडून जाते, परंतु काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन हे क्लोरीनचे टिकाऊ संयुग असते आणि ते असे जात नाही, म्हणून क्लोरीन व क्लोरामाइन दोन्ही निष्प्रभ करणारे औषध घालणे अधिक सुरक्षित ठरते. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत टँकर येऊ लागले की मी पाणी तपासल्याशिवाय वापरत नाही, कारण नळाचे पाणी आणि बोअरचे पाणी यांच्या जडपणात मोठा फरक असू शकतो. तुरटी फिरवलेले पाणी तर मुळीच घालू नये.

थंडीविषयी विशेष लिहावेसे वाटते, कारण आपल्याकडे उकाडा असतो, मग हीटर कशाला, असे पुष्कळ जण म्हणतात. फायटर माशाला, ज्याला 'बेटा' असेही म्हणतात, 25 ते 27 अंश सेल्सियस तापमान मानवते. मुंबईत किंवा कोकणात बहुतेक वर्षभर ते आपोआप मिळते. पुणे, नाशिक किंवा विदर्भात मात्र डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा बराच खाली उतरतो. आमच्या बैठकीतल्या टाकीचे पाणी हीटर नसताना पहाटे 19 अंशांवर आलेले मी मोजले आहे. अशा पाण्यात त्याचे पचन मंदावते, प्रतिकारशक्ती घटते आणि तो आळशी वाटू लागतो. 50 वॅटचा, तापमान आपोआप राखणारा हीटर या आकाराला पुरतो. पाणी बदलण्यापूर्वी तो बंद करून थोडा वेळ थांबावे, नाहीतर तापलेली काच उघडी पडून तडकते. टाकीवर झाकण हवेच: हा मासा उडी मारतो, आणि झाकणाखालची उबदार हवाच तो श्वासात घेतो. झाकण आणि पाणी यांत मात्र थोडी मोकळी जागा राहू द्यावी.

आत प्लास्टिकची झाडे ठेवू नयेत, त्यांच्या कडांनी पर फाटतात. जावा फर्न आणि अनुबियास या वनस्पती मंद उजेडात, लाकडाला बांधलेल्याही, टिकतात. त्यांच्या जोडीला मी बदामाची पाने घालते. रस्त्याकडेला छत्रीसारखे पसरणारे, ज्याची पाने लाल होऊन गळतात ते आपले देशी बदामाचे झाड. थायलंडमधले बेटापालकही त्याचीच वाळलेली पाने वापरतात. पानांतील टॅनिनमुळे पाणी कोऱ्या चहासारखे होते, किंचित आम्लधर्मी होते आणि त्या अंधुक रंगात मासा अधिक निवांत दिसतो. आपोआप गळलेली, फवारणी न झालेली पाने निवडून, धुऊन, कडकडीत वाळवावीत.

खाण्यात हा मासा पूर्णतः मांसाहारी आहे. निसर्गात तो डासांच्या अळ्या आणि किडे खातो, म्हणून मासळीचे किंवा कीटकांचे प्रथिन ज्यात मुख्य आहे, असे बारीक दाणे दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी दोन-तीन, एवढेच मी देते आणि आठवड्यातून एक दिवस उपास ठेवते. पोळीचे तुकडे पाहुण्यांना कौतुकाने टाकावेसे वाटतात, ते मी ठामपणे थांबवते. त्याला सोबत हवी असेल, हा विचारही सोडावा. दोन नर एकत्र ठेवले तर ते एकमेकांना फाडतात आणि डासांसाठी हौदात सोडतात त्या गप्पी माशांच्या रंगीत शेपट्याही तो प्रतिस्पर्ध्याचे पर समजून कुरतडू शकतो. आरसा दाखवून त्याला वारंवार डिवचणेही मला क्रूर वाटते.

आमचा हा दुसरा मासा, तांबूस रंगाचा, आता म्हातारा झाला आहे. बेटा माशाचे आयुष्य साधारण दोन ते चार वर्षांचे असते. शेपटीचे ओझे त्याला पूर्वीसारखे पेलत नाही आणि तळापासून पृष्ठभागापर्यंत येताना तो मध्ये थांबतो. म्हणून गेल्या महिन्यात लेकीने आणि मी टाकीतले पाणी चार बोटे कमी केले, पंपाची हवा मंद केली आणि अनुबियासचे लाकूड वर उचलून त्याचे रुंद पान पृष्ठभागाच्या जवळ आणले. दुपारभर तो त्या पानावर टेकून असतो आणि श्वास घ्यायला त्याला आता फक्त तोंड वर करावे लागते.