पाहुण्यांची खोली, पहाटे तीन वाजता

आई-बाबा पहिल्यांदा इकडे परदेशात आमच्याकडे आले, तेव्हा त्यांची खोली मी पंधरा दिवस सजवत होते. नवी चादर, तिला शोभतील असे अभ्रे, भिंतीवर दोन चित्रं, खिडकीत छोटी कुंडी. आईनं दारातूनच खोली पाहिली आणि म्हणाली, "किती छान केलंयस गं!" मला वाटलं, झालं आपलं काम.

त्याच रात्री तीनच्या सुमारास मी पाणी प्यायला उठले. त्यांच्या खोलीचं दार किलकिलं होतं, आत अंधार. सहज डोकावले तर आई पलंगाच्या कडेवर बसलेली. अंगावर शाल, पाय जमिनीला टेकलेले, हात मांडीवर.

"काय गं, बरं नाही का वाटत?"

"छे गं, झोप झाली. दिवा लावला तर हे उठतील. बाहेर आले तर तुम्ही उठाल. म्हणून बसलेय आपली."

केव्हापासून बसलीयस, असं विचारलं तर म्हणाली, दीडपासून.

माझ्याच घरात माझी आई दीड तास अंधारात बसून होती, कारण त्या खोलीत दिवा एकच होता आणि तो छताला होता. पाहुण्यांच्या खोलीकडे बघायची माझी नजर त्या रात्री बदलली. त्यानंतर सासू-सासरे, काका, आत्या, मैत्रिणी, त्यांची मुलं असे कितीतरी जण राहून गेले आणि प्रत्येकामुळे खोलीत काहीतरी बदललं. तुमच्याकडे कुणी मुक्कामाला येणार असेल तर यातलं बरंच उपयोगी पडेल. आणि तुम्हीच मुलांकडे परदेशात जाणार असाल, तर यातलं जे हवं ते न संकोचता मागून घ्या. मुलांना खरंच सुचत नाही, हे मी स्वतःवरून सांगते.

आईला काही निद्रानाश नव्हता. लांबच्या विमानप्रवासानंतर शरीरातलं घड्याळ नव्या वेळेवर यायला वेळ लागतो. ते दिवसाला साधारण एक तास सरकतं असं धरा. फरक 9 तासांचा असेल तर आठवडा सहज जातो. पश्चिमेकडे आलेल्या माणसाला संध्याकाळीच पेंग येते आणि मध्यरात्रीनंतर टक्क जाग. पूर्वेकडे गेलेल्याला रात्री झोपच लागत नाही, आणि हा दुसरा प्रकार बहुतेकांना जास्त जड जातो. म्हणजे परदेशातून आलेला पाहुणा पहिले काही दिवस आपण गाढ झोपलेले असताना जागा असणार हे ठरलेलंच आहे. मी मात्र ती खोली फक्त झोपण्यासाठी मांडली होती.

आता पलंगाच्या दोन्ही बाजूंना एकेक दिवा आहे, आडवं पडून हात लांबवला की बटण सापडेल असा. एकच दिवा दोघांत ठेवू नका. एक जागा आणि एक झोपलेला, हीच तर नेहमीची स्थिती असते. बल्ब पिवळसर उजेडाचा, 2700 केल्विनचा. खोक्यावर हा आकडा लिहिलेला असतो. पांढऱ्या-निळसर उजेडानं मेंदूला सकाळ झाल्यासारखं वाटतं आणि झोप आणणाऱ्या मेलाटोनिनचं स्रवणं दबतं, त्यामुळे रात्री अडीच वाजता तो उजेड नको. खिडकीपाशी हात असलेली एक खुर्ची आहे. पलंगावर बसून रात्र काढणं कंबरेला सोसत नाही. शेजारी मोठ्या टायपातली दोन-तीन मराठी पुस्तकं, झाकणाचा पाण्याचा तांब्या, फोनच्या चार्जरची लांब वायर. वायफायचा पासवर्ड कागदावर ठळक अक्षरात लिहून भिंतीला लावला आहे. आणि दोन घड्याळं, एक इथल्या वेळेचं, एक तिकडच्या. बाबांना या दुसऱ्या घड्याळाचं फार अप्रूप. तिकडे कोण आता काय करत असेल, याचा हिशोब त्यांना मनातल्या मनात मांडावा लागत नाही.

खोलीपासून बाथरूमपर्यंतच्या वाटेवर जमिनीलगत दोन मंद दिवे लावले आहेत. माणूस जवळ आला की आपोआप लागतात. वयस्कर माणसं रात्री पडतात ती बऱ्याचदा याच वाटेवर, म्हणून तिथली सरकणारी सतरंजी मी काढूनच टाकली.

पण वेळेच्या फरकाशी संबंध नसलेली माणसंसुद्धा पहिल्या रात्री नीट झोपत नाहीत. दोन तासांवरून आलेली माझी एक मैत्रीण सकाळी डोळे चोळत म्हणाली, "नवी जागा ना, असंच होतं माझं." यामागे खरंच कारण आहे. झोपेचा अभ्यास करणाऱ्यांना ही 'पहिल्या रात्रीची' अडचण 1960च्या दशकापासून माहीत आहे. प्रयोगशाळेत आलेला माणूस पहिल्या रात्री कमी झोपतो, म्हणून त्या रात्रीची मोजमापं अनेकदा बाजूलाच ठेवली जात. 2016 साली अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की नव्या जागेतल्या पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा डावा भाग उजव्याइतका खोल झोपत नाही. वेगळा आवाज आला की तो चटकन दखल घेतो. पुढच्या खेपेला त्याच जागी झोपल्यावर मात्र हा फरक दिसला नाही. डॉल्फिन मेंदूची एक बाजू जागी ठेवून झोपतात हे ऐकलं होतं. आपल्यातही त्याची इतकी पुसट का होईना खूण आहे, हे वाचून मला फार नवल वाटलं.

तेव्हापासून मी पाहुण्यांना घराचे आवाज सांगते. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला. इकडे हिवाळ्यात भिंतीलगतच्या हीटरमध्ये गरम पाणी फिरतं. पाणी चढलं की धातू प्रसरण पावतो आणि टक्, टक्, टक् असा आवाज येतो, अगदी कुणी नखानं दार वाजवल्यासारखा. आम्हाला तो ऐकूही येत नाही. सासूबाई मात्र पहिल्या रात्री दोनदा उठून दार उघडून बघून आल्या होत्या. आता झोपायच्या आधी मी खोलीत बसते आणि सांगते: "पहाटे पाचला हीटर सुरू होतो, तेव्हा हा टकटक आवाज येईल. वरच्या मजल्यावरचे शेजारी साडेपाचला कामावर जातात, त्यांच्या पावलांचा आवाज येईल. स्वयंपाकघरात फ्रिज मधेच घुरघुरतो." दोन मिनिटांचं काम. आवाज कशाचा आहे ते माहीत असलं, की जागी राहिलेली ती अर्धी बाजूही निर्धास्त होत असावी, असं मला वाटतं.

याच्या उलट एक आवाज मुद्दाम आणावा लागला. पंख्याचा. आयुष्यभर पंख्याखाली झोपलेल्या माणसाला इकडची बंद खिडक्यांची शांतता कानात बोळे घातल्यासारखी वाटते. इकडे छताला पंखाच नाही. बाबा दोन दिवस कूस बदलत होते आणि "गादी छान आहे" म्हणत होते. तिसऱ्या दिवशी मी टेबलावरचा छोटा पंखा आणला आणि भिंतीकडे तोंड करून लावला, म्हणजे वारा अंगावर नको, नुसती घरघर. दहा मिनिटांत घोरायला लागले.

आता थंडीचं. आपल्या माणसांना गारठा होऊ नये म्हणून आपण हीटर वाढवून ठेवतो. मीही 25 अंशांवर ठेवला होता. सकाळी दोघांचे घसे कोरडे आणि बाबांच्या नाकातून थोडं रक्त. बाहेरची शून्य अंशाची हवा दमट वाटली तरी तिच्यात पाण्याचा अंश मुळात कमी असतो. तीच हवा आत येऊन 21 अंशांपर्यंत तापली की सापेक्ष आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास उतरते. विमानातली कोरडी हवा घेऊन आलेल्या नाकाला वर हा ताप. झोपायच्या खोलीला 16 ते 19 अंश पुरेसे असतात असं सहसा सांगतात. म्हाताऱ्या माणसांना आणि तान्ह्या बाळांना किती मानवतं ते बघून थोडं पुढे-मागे करायचं. मी हीटर खाली आणला, पांघरुणं वाढवली आणि खोलीत आर्द्रता मोजायचं साधं यंत्र ठेवलं. 40च्या खाली गेली की हवा दमट करणारं मशीन काही तास लावते.

पांघरुणाबद्दल माझं मत ठाम आहे. एका जाड दुलईपेक्षा तीन पातळ पांघरुणं बरी, कारण माणसाला हवं तितकं घेता येतं आणि नको ते पायाशी लोटता येतं. आणि जोडप्याला दोन वेगळी पांघरुणं द्या. उशासुद्धा दोन प्रकारच्या, एक कडक, एक मऊ. मानेचं दुखणं असलेला माणूस कडक उशी मागत नाही, चादरीची घडी डोक्याखाली घेऊन झोपतो. मी पाहिलंय. शोभेच्या उशा मात्र सगळ्या काढून टाकल्या, रात्री त्या कुठे ठेवायच्या हाच पाहुण्याला प्रश्न पडतो. पलंगाची उंची गादीसकट 45 ते 50 सेंटिमीटर असली, तर गुडघे दुखणाऱ्याला हाताचा आधार न घेता उठता येतं. आमचा पलंग फार बुटका होता. पायांखाली लाकडी ठोकळे बसवून वर घेतला.

आत्या आली तेव्हा घर भरलेलं होतं, तिला हवेच्या गादीवर झोपावं लागलं. सकाळी म्हणाली, "पाठीला गार लागत होतं, वर दोन पांघरुणं असूनही." गादीतली हवा आतल्या आत फिरत राहते आणि अंगाची ऊब खाली जमिनीकडे नेते. उपाय वरून करायचा नसतो, खालून करायचा असतो. जाड ब्लँकेट गादीवर, त्यावर चादर, मग माणूस. आणि गादी दुपारीच फुगवून ठेवायची. नवं प्लास्टिक ताणलं जातं, हवा थंड होऊन आकसते, म्हणून झोपायच्या आधी पुन्हा थोडी हवा भरायची. नाहीतर पहाटेपर्यंत माणूस जमिनीला टेकतो.

बाथरूमबद्दल थोडंच लिहिते, पण ते महत्त्वाचं आहे. बाबांनी दोन दिवस गार पाण्यानं आंघोळ केली. इकडच्या नळाला एकच दांडी. ती उचलली की पाणी, डावीकडे वळवली की गरम. त्यांनी उचलली, गार पाणी आलं, तशीच आंघोळ उरकली. विचारलं नाही, कारण "नळ कसा सोडायचा" हे जावयासमोर विचारायचं कसं? म्हणून आता आल्या दिवशी मी स्वतः नळ सोडून दाखवते आणि त्यांच्या हातानंही सोडून बघायला लावते. गरम पाणी किती गरम येतं तेही सांगते. 60 अंशांच्या पाण्यानं 5-6 सेकंदांत त्वचा भाजू शकते. आणि ते बाथरूम एरवी वापरात नसेल, तर पाहुणे यायच्या आधी सगळे नळ काही मिनिटं वाहू द्या. साचलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात आणि शॉवरच्या तुषारांतून ते फुप्फुसात जाऊ शकतात.

काका रात्री श्वासाचं मशीन लावून झोपतात. ते मशीन बहुधा 100 ते 240 व्होल्टवर चालतं, अडचण येते ती प्लगची. जगात प्लगचे 15 प्रकार मानले जातात, आणि विमानतळावर घाईत घेतलेला अडॅप्टर नेमका चुकीचा निघतो. आता योग्य अडॅप्टर आमच्या टेबलाच्या खणातच असतो, शिवाय प्लग लावायची जागा पलंगाजवळ.

आणि कपाट. महिना-दीड महिना राहायला आलेल्या माणसाला पूर्ण रिकामं कपाट द्या. "हा अर्धा खण तुझा" असं नको. पहिल्या खेपेला आमचे हिवाळी कोट त्याच कपाटात होते. आईनं सहा आठवडे बॅगेतूनच कपडे काढले आणि बॅगेतच ठेवले. रोज सकाळी वाकून चेन उघडायची, चेन लावायची. मी ते रोज बघत होते आणि मला कळलं नाही. याची चुटपुट अजून आहे. आता कपाट कायम रिकामं असतं, हँगर लटकवलेले, खणात स्वच्छ कागद. बॅगा ठेवायला एक बाक आहे, म्हणजे उघडताना वाकावं लागत नाही. दाराला आतून कडी आहे, आणि आम्ही टकटक केल्याशिवाय आत जात नाही, मुलंसुद्धा.

मागच्या हिवाळ्यात दोघं पुन्हा आले. पहिल्या रात्री मला सवयीनं तीनला जाग आली. बाहेर आले तर त्यांच्या दाराखाली पिवळ्या उजेडाची बारीक रेघ होती. आतून पान उलटल्याचा आवाज आला, मग आईचा हलका आवाज, बाबांचं "हूं". तिकडच्या घड्याळाकडे बघून आई कुणाला तरी फोन करायचं ठरवत होती. वाटेवरचा मंद दिवा माझ्या पावलांनी लागला, तो विझेपर्यंत मी तिथेच उभी राहिले आणि मग जाऊन झोपले.